साडेसातचं दुपटं

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वासंतीचा उजवा हात मनगटात मोडला, आणि त्याच दिवसापासून तिच्या पाच आठवड्यांच्या नातीची झोपही मोडली.

वासंती आणि दिनकर तेव्हा लेकीकडे, गुडगावला राहायला आले होते. नीरजा आणि तिचा नवरा अंशुमन यांनी आदल्या वर्षी, म्हणजे पंच्याण्णव साली, तिथे सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. इमारत झाली होती, पण तिच्याभोवतीची वस्ती अजून व्हायची होती. बाल्कनीतून एका बाजूला तसल्याच चार इमारतींचे सांगाडे दिसत, तर दुसऱ्या बाजूला थेट मोहरीची शेतं. फाटकापासून डांबरी रस्त्यापर्यंत नुसती वाळू आणि खडी. भाजी घेऊन येताना वासंतीचा पाय त्या खडीवरून सरकला आणि ती हातावर पडली. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे हात वापरायचा नाही असं बजावलं.

अंशुमन त्याच्या चारच दिवस आधी सिंगापूरला गेला होता. कंपनीत नवी यंत्रणा यायची होती, तिचं आठ आठवड्यांचं ट्रेनिंग होतं. ही संधी सोडली तर पुन्हा कोणी विचारणार नाही, असं तो म्हणाला होता. नीरजानेच त्याची बॅग भरून दिली होती. स्वतः तीही सॉफ्टवेअरच्या कंपनीत होती, तिची रजा फेब्रुवारीत संपणार होती. त्यामुळे घरात उरली ती तीन मोठी माणसं, त्यातलं एक प्लास्टरमधलं, आणि इशिता.

इशिता वासंतीच्या हातचं दुपटं लपेटल्याशिवाय झोपत नसे. संध्याकाळी दूध पिऊन झालं की वासंती तिला मऊ सुती दुपट्यात गुंडाळायची, चार-पाच हालचालींत, बोलता बोलता. मग ते गाठोडं छातीशी धरून दोन फेऱ्या मारल्या की डोळे मिटलेच. दुपटं नसलं की झोपेतच तिचे दोन्ही हात एकदम वर उडत, जणू कुणी खाली पाडलंय, आणि त्या हातांच्या धक्क्याने तीच जागी होऊन रडायला लागे. नीरजा लपेटायला जाई, पण पाच मिनिटांत एक मूठ बाहेर येई, मग दुसरी. तिने एक पुस्तक आणलं होतं, त्यातलं वेळापत्रक तिने फ्रिजवर चिकटवलं होतं. दूध कधी, खेळ कधी, झोप कधी. इशिताने ते पाहिलं नव्हतं.

तीन दिवस असे गेल्यावर नीरजाच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. चौथ्या दिवशी दुपारी ती सोफ्यावर बसल्या बसल्या झोपून गेली, चहाचा कप हातात तसाच. दिनकरने तो अलगद काढून घेतला आणि स्वयंपाकघरात वासंतीला जाऊन म्हणाला, "मला शिकव."

"काय शिकवू?"

"ते दुपट्याचं."

वासंतीने त्याच्याकडे पाहिलं. सप्टेंबरात तो कापड मंत्रालयाच्या हातमाग विभागातून निवृत्त झाला होता. दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून दोघं वसंत कुंजच्या स्वतःच्या लहानशा फ्लॅटमध्ये आली होती. चौतीस वर्षं त्याने कापडाच्या फायली पाहिल्या होत्या. बाळाला मात्र त्याने, तिच्या आठवणीत, कधी धड उचललंही नव्हतं.

"तुम्हाला जमेल?"

"तू सांग तसं करतो. बिल्कुल तसंच."

मग आतल्या खोलीत पलंगावर दुपटं अंथरलं गेलं आणि बाळाच्या जागी उशी आली. वासंती खुर्चीवर बसली, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन, आणि डाव्या हाताने दाखवू लागली.

"चौकोनी नाही अंथरायचं. टोक वर करा, पतंगासारखं. आता वरचं टोक आत दुमडा. हं. बाळाचे खांदे त्या दुमडीवर यायला हवेत, मान कापडाच्या बाहेर."

"किती बाहेर?"

"अहो, इंचपट्टी लागत नाही. मान मोकळी दिसली पाहिजे. आता हा हात अंगाशी सरळ धरा आणि हे टोक छातीवरून पलीकडे न्या, पाठीखाली खोचा."

"उशीला हात नाही."

"आहे असं समजा."

दिनकरने तसं मानलं. टोक नेलं, खोचलं. मग पायांकडचं टोक वर, मग दुसरा हात, मग चौथं टोक छातीवरून फिरवून मागे. उशी उचलली तर सगळं सैल होऊन तिच्या पायाशी आलं. त्याने पुन्हा अंथरलं. दहाव्या-बाराव्या वेळेला उशी उचलून खांद्यावर घेतली तरी दुपटं तसंच राहिलं. तो उशी घेऊन खोलीत दोन फेऱ्या मारून आला.

"आता जरा पाठीवर थोपटा," वासंती म्हणाली. तिला हसू येत होतं, पण ती हसली नाही.

उशी आणि बाळ यांत फरक असतो हे दिनकरला त्याच संध्याकाळी कळलं. उशी पाय झाडत नाही, आणि नेमकं टोक खोचायच्या वेळी लाल होऊन किंचाळत नाही. पहिल्या दिवशी इशिताचा हात त्याच्या नाकाखालून बाहेर आला. दुसऱ्या दिवशी तो घाईत वरचं टोक दुमडायला विसरला. नीरजा दारात उभी होती. "बाबा, राहू द्या, मी बघते," ती म्हणाली, आणि त्याने निमूट बाळ तिच्या हातात दिलं. तिसऱ्या दिवशी मात्र जमलं. गाठोडं त्याच्या छातीशी आलं, इशिताने एकदा अंग ताणून पाहिलं, एक उसासा टाकला आणि डोळे मिटले. दिनकर वीस मिनिटं तसाच उभा राहिला. बसलं तर ती उठेल अशी त्याला भीती वाटत होती.

तेव्हापासून ते काम त्याचं झालं. सकाळी तो शेजारच्या बिऱ्हाडात बाळ सांभाळायला येणाऱ्या हरयाणवी बाईंकडून काही ना काही विचारून येई. दुपारी दुपटी स्वतः धुऊन बाल्कनीत वाळत घाली आणि पुन्हा पुन्हा हात लावून बघे. "हे फार जाड आहे, याचं सूत जाड आहे," असं म्हणून त्याने बाजारातून आणलेली दोन दुपटी बाजूला काढली आणि वासंतीच्या एका जुन्या मलमली साडीचे चार तुकडे कापून, कडा शिवून घेतल्या. धुऊन धुऊन ते कापड सायीसारखं झालेलं होतं. वासंतीने त्या साडीबद्दल आधी जरा कुरकुर केली, मग केली नाही.

नाताळच्या सुमारास थंडीची लाट आली. सकाळी दहापर्यंत समोरची शेतं धुक्यात जात आणि काचांवर आतून पाणी साचे. दिनकरचा पानिपतचा जुना सहकारी गुणवंत बाळाला बघायला आला तेव्हा येताना तिकडची एक लोकरी चादर घेऊन आला होता, लहान, गुबगुबीत, पिवळ्या काठांची. पानिपतचा माल म्हटल्यावर दिनकरला राहवेना. त्या संध्याकाळी त्याने इशिताला स्वेटर, टोपडं, मलमलीचं दुपटं असं सगळं चढवून वरून ती लोकरी चादर घट्ट लपेटली. खोलीत हीटर होताच. इशिता पटकन झोपली, आणि तो समाधानाने बाहेर येऊन बसला.

अर्ध्या तासाने नीरजा सहज आत गेली. तिची हाक ऐकून तो धावला. इशिताचा चेहरा लालबुंद झाला होता, केस कपाळाला चिकटले होते आणि मान घामाने ओली होती. नीरजाने भराभरा चादर सोडली, स्वेटर काढला, हीटर बंद केला. मोकळी होताच इशिता मोठ्याने रडायला लागली, आणि त्या रडण्याने तिघांच्याही जिवात जीव आला.

"तुम्हाला कुठून माहीत असणार," नीरजा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ती बाळाला छातीशी घेऊन त्याच्याकडे पाठ करून उभी होती. "तुम्ही कधी केलंच नाही हे."

दिनकरने लोकरी चादरीची घडी करून ती कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळेच मार्केटमधल्या डॉक्टर अलकनंदा यांच्याकडे गेले. डॉक्टर पन्नाशीच्या होत्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी इशिताला तपासलं, कुल्ले आणि मांड्या हलवून पाहिल्या, आणि म्हणाल्या की बाळ अगदी ठीक आहे. मग त्यांनी विचारलं, लपेटतं कोण?

दिनकरने शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

डॉक्टरांनी त्याला टेबलावरच लपेटायला सांगितलं. त्याने लपेटलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "हात अगदी ठीक आहेत, पण पाय सोडा." पाय सरळ ताणून घट्ट बांधले तर कुल्ल्याचा सांधा नीट बसत नाही, बाळाला बेडकासारखे पाय दुमडता आले पाहिजेत, असं त्यांनी समजावलं. खाली पिशवीसारखं सैल ठेवायचं. झोपवताना नेहमी पाठीवर. तोंडावर, डोक्यावर काही यायला नको. एकच पातळ कापड, आणि अंग तापलंय का ते बघायला हातपाय नाही, मानेमागे बोटं लावून बघायचं. "आणि एक दिवस ती कुशीवर वळायला लागेल. त्या दिवसापासून लपेटणं बंद. एक दिवसही जास्त नाही."

घरी आल्यावर वासंती म्हणाली, "माझ्या आईने आम्हा सगळ्यांचे पाय बांधले होते. पाय सरळ होतात म्हणून. मी नीरजाचे बांधले, मानसचे बांधले."

"आणि आम्ही दोघं नीट चालतो, आई," नीरजा म्हणाली. "मानस तर पुण्यात टेकड्या चढत असतो."

"ते तुमचं नशीब."

"असेल. पण तू केलंस ते प्रेमानेच केलंस ना."

जरा वेळाने वासंतीने चहात आलं घालायला सांगितलं, म्हणजे तिचं मन ताळ्यावर आलं होतं.

दिनकरचं मन मात्र आलं नव्हतं. त्या संध्याकाळी सात वाजले तरी तो बाल्कनीतच बसून राहिला. अंधार पडला होता, कुठल्यातरी इमारतीचा जनरेटर धडधडत होता. नीरजा शाल घेऊन बाहेर आली आणि त्याच्या खांद्यावर टाकून शेजारच्या वेताच्या मोड्यावर बसली.

"बाबा, मी काल बोलले ते…"

"खरं बोललीस."

"खरं असलं म्हणून काय झालं. तुम्ही चला आत. माझ्याच्याने होत नाही ते."

तो उठला नाही. म्हणाला, "तू झालीस तेव्हा माझी पानिपतला बदली झाली होती. अडीच वर्षं."

"माहीत आहे. आई सांगते."

"तिला सगळं माहीत नाही. पानिपत काही लांब नाही, नीरजा. पॅसेंजर गाडीने रोज येऊन-जाऊन करणारे माझ्या ऑफिसात चौघं होते. मी केलं नाही. तिथे खोली घेतली. दगदग नको, साहेबांच्या नजरेसमोर राहावं, असं वाटलं. शनिवारी यायचो. आठवड्यातून एक दिवस दिसणारा माणूस, तू मला बघून रडायचीस. पहिल्यांदा हसलो. मग मला ते सोसेना. मग मी शनिवारची उशिराची गाडी धरायला लागलो, तू झोपल्यावर पोचेन अशी."

आत इशिता किरकिरायला लागली होती आणि वासंती एका हाताने पाळणा हलवत असल्याचा करकर आवाज येत होता.

"मग आता लवकरची गाडी धरा," नीरजा म्हणाली. "ती जागी आहे."

त्या दिवसापासून त्यांनी नव्याने घडी बसवली. फ्रिजवरचं वेळापत्रक नीरजाने स्वतःच काढून टाकलं, पण त्यातली एक गोष्ट ठेवली: रोज तेच, त्याच क्रमाने. साडेसहाला टीव्ही बंद. मग नीरजा इशिताला पायांवर घेऊन कोमट तेल लावी, आणि वासंती शेजारी बसून कुठे किती दाबायचं ते सांगे. मग कोमट पाण्याने अंग पुसणं, कोरडं झबलं, दूध. सव्वासातला मोठा दिवा बंद होऊन कोपऱ्यातला लहान दिवा लागे. बरोबर साडेसातला दिनकर हात धुऊन, शेकून खोलीत येई. मलमलीचा एकच तुकडा. हात अंगाशी, पाय मोकळे. मानेमागे दोन बोटं.

प्रश्न राहिला गाण्याचा. वासंतीला अंगाई येत होत्या, पण दिनकरचा आवाज तिच्या मते भांडं घासल्यासारखा होता. त्याला एकही गाणं पुरतं येत नव्हतं. पहिल्या दिवशी काहीतरी बोलायचं म्हणून तो हळू आवाजात दिल्ली-पानिपतच्या जुन्या लाइनीवरची स्टेशनं म्हणत गेला. "बादली. नरेला. राठधना. सोनीपत." प्रत्येक नावाला एक थोपट, आणि दोन नावांमध्ये थोडं थांबायचं, गाडी थांबे तसं. "गन्नौर. समालखा. दिवाना. पानिपत." पानिपत आलं की परतीची गाडी. इशिता त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. तिला त्या नावांत काय सापडत होतं कोण जाणे, पण आठ-दहा दिवसांत असं झालं की दुसऱ्या खेपेच्या सोनीपतच्या पुढे ती सहसा जात नसे.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. एका आठवड्यात तिला सर्दी झाली, तेव्हा काहीच चाललं नाही. रात्री दुधाला ती उठायचीच. पण संध्याकाळचं रडणं गेलं. नीरजा साडेआठला सगळ्यांबरोबर टेबलावर बसून जेवू लागली. एकदा जेवता जेवता ती ऑफिसातली काहीतरी गंमत सांगून हसली, तेव्हा वासंतीने दिनकरकडे पाहिलं आणि आणखी एक पोळी त्याच्या पानात टाकली.

जानेवारीच्या शेवटी अंशुमन परत आला. वासंतीचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं आणि ती रबरी चेंडू दाबून मनगटाचा व्यायाम करत होती. विमानतळावरून तो संध्याकाळी सहाला पोचला, बाळासाठी आणलेल्या खेळण्यांची पिशवी हातात. जाताना त्याने पाच आठवड्यांचं गाठोडं पाहिलं होतं. आता तीन महिन्यांची इशिता मान धरून आजोबांच्या कडेवर बसली होती. त्याने हात पुढे केले. तिने त्याच्याकडे नीट बघून घेतलं, ओठ बाहेर काढले आणि रडायला लागली.

"ओळखत नाही मला," अंशुमन हसून म्हणाला.

"येईल, दोन दिवसांत येईल," नीरजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही ती रडली. अंशुमनने पुन्हा हसून घेतलं. तिसऱ्या दिवशी, सव्वासात वाजता, दिनकर हात धुवायला निघाला होता तेव्हा अंशुमन हॉलमध्ये बूट घालत होता.

"कुठे निघालात?" दिनकरने विचारलं.

"जरा खाली चक्कर मारून येतो, बाबा. मी असलो की ती उगाच बिथरते. झोपली की येतो. तसंही उद्यापासून मला ऑफिसातून यायला साडेआठ होतीलच."

दिनकर न्हाणीघराच्या दारात उभा राहिला. इतके आठवडे या तासाची वाट बघत त्याचा दिवस जात असे, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा नीट उमगलं. तो हॉलमध्ये आला आणि जावयासमोरच्या खुर्चीवर बसला.

"अंशुमन, बूट काढा."

"का?"

"हात धुऊन या. आज तुम्ही लपेटायचं."

"नको बाबा, ती रडेल."

"रडेल. रडू द्या. तुमच्याजवळ रडली तर तुमच्याजवळच गप्प व्हायला शिकेल. मी हे टाळलं होतं. मला ते परत मिळालं नाही, हे आत्ताचं मिळालं म्हणून मी नशीबवान." मग त्याला वाटलं आपण जास्त बोललो. "आणि साडेआठचं काय ते ऑफिसात बोला. रोज नाही, तर निदान आठवड्यातून चार दिवस."

अंशुमनने आधी नीरजाकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्याने बूट काढले.

दिनकरने त्याला सगळं एकदाच सांगितलं. पतंगासारखं अंथरायचं, टोक दुमडायचं, हात अंगाशी, पाय सैल, मानेमागे बोटं. पाठीवर झोपवायचं. मग तो खोलीतून बाहेर आला आणि दार ओढून घेतलं.

आतून रडणं सुरू झालं. एकदा थांबल्यासारखं वाटलं, पुन्हा चढलं. दुपटं सुटलं असणार, दिनकरच्या हातांना ते इथे बसून कळलं. तो अर्धा उठला.

"बसा," वासंती म्हणाली.

"डावं टोक ते सैल खोचत असणार."

"असू दे."

तो बसला. त्याने वर्तमानपत्र उघडलं आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचली. आत अंशुमन काहीतरी बोलत होता. तो कसली नावं घेत होता ते ऐकू येत नव्हतं, बहुधा नावं नव्हतीच, कारण मध्येच एक सूर लागल्यासारखं वाटलं. पाऊण तास लागला. आठ वाजून गेल्यावर अंशुमन बाहेर आला तेव्हा त्याचा सदरा खांद्यावर ओला झाला होता आणि केस विस्कटले होते.

"झोपली," तो म्हणाला. आणि मग, जरा वेळाने, "माझं बोट धरलं होतं तिने. दुपट्यातून हात बाहेर आला होता."

"उद्या येणार नाही," दिनकर म्हणाला.

चार दिवसांनी दिनकर आणि वासंती आपल्या घरी वसंत कुंजला परतली. नीरजाने राहा म्हटलं नाही असं नाही. पण वासंतीच म्हणाली, "आता त्यांचं त्यांना करू द्या." फेब्रुवारीत नीरजा कामावर गेली. दिवसभर इशिताला शेजारच्याच त्या हरयाणवी बाई सांभाळू लागल्या आणि अंशुमन सोमवार ते गुरुवार साडेसहाला घरी यायला लागला. साहेबांनी आधी भुवया उंचावल्या, मग सवय झाली, असं त्याने फोनवर सांगितलं. दिनकर रविवारी जाई. सकाळची झोप त्याच्याकडे असे. स्टेशनं त्याने चालू ठेवली होती.

मार्चमध्ये, होळीच्या आधीच्या रविवारी, जेवणं झाल्यावर इशिताला हॉलमध्ये सतरंजीवर ठेवलं होतं. सगळे गप्पा मारत होते. वासंतीचं लक्ष होतं म्हणून तिने पाहिलं. इशिताने एक पाय आडवा टाकला, खांदा उचलला, बराच वेळ तशीच तिरकी राहिली आणि मग धप्पदिशी पोटावर पडली. आपण काय केलं ते न कळून ती मान वर करून सगळ्यांकडे बघू लागली.

नीरजाने टाळ्या वाजवल्या. अंशुमन खाली बसून तिला पुन्हा पाठीवर करत होता. तिने पुन्हा तेच केलं.

"म्हणजे आजपासून दुपटं बंद," अंशुमन म्हणाला. तो दिनकरकडे बघत होता, विचारल्यासारखं.

लपेटलेलं बाळ उलटं झालं तर हात बांधलेले, तोंड गादीत, स्वतःला सोडवता येणार नाही. डॉक्टरांनी हे सांगितलं होतं आणि दिनकरला ते शब्दन् शब्द आठवत होतं. चौथं टोक छातीवरून फिरवून पाठीखाली खोचण्याची सफाई त्याच्या बोटांत आता कुठे आली होती.

"आजपासूनच," तो म्हणाला. "एक दिवसही जास्त नाही."

ती संध्याकाळ कठीण गेली. तेल झालं, दूध झालं, लहान दिवा लागला. साडेसातला अंशुमनने तिला नुसतं झबलं घालून पाठीवर झोपवलं आणि हात मोकळे सोडले. ते हात काही काळ हवेत फिरले, गालावर आपटले, एकमेकांत अडकले. ती रडली. अंशुमन तिच्या छातीवर हात ठेवून बसून राहिला. मग नीरजा गेली, मग परत अंशुमन. दिनकर हॉलमध्येच बसला. त्याला कुणी बोलावलं नाही आणि तोही उठला नाही. साडेआठच्या सुमाराला आवाज थांबला. नीरजा बाहेर येऊन म्हणाली, "अंगठा सापडला तिला."

मग सगळे जेवले. अळूच्या वड्या वासंतीने केल्या होत्या, त्या मनगटाने केलेल्या पहिल्याच.

नऊच्या सुमाराला अंशुमन दोघांना सोडायला निघाला. निघण्याआधी दिनकर पाळण्याच्या खोलीत डोकावून आला. इशिता पाठीवर झोपली होती, दोन्ही हात डोक्याच्या वर टाकून, मुठी उघड्या. दुपट्यात असताना ती इतकी लांब आहे हे कधी दिसलंच नव्हतं. त्याने दोन बोटं तिच्या मानेमागे लावून पाहिली. मान कोमट होती, कोरडी.

गाडीत वासंतीने विचारलं, "उद्या साडेसातला काय करणार तुम्ही?"

"फोन करीन. कशी झोपली ते विचारायला."

"साडेसातला करू नका. ती त्यांची वेळ आहे."

दिनकरने थोडा विचार केला. पुढे अंशुमन गाडी चालवत ऐकत होता आणि आरशात हसत होता.

"मग सव्वाआठला करतो," दिनकर म्हणाला.